परावर्ती दुर्बीण : चंद्र-शनी बघून झाले, आता पुढे काय?

उत्तररात्र (धागाकर्ती)

मंडळी, ६ इंची न्यूटोनियन (म्हणजे आरशाची, परावर्ती) दुर्बीण घरात येऊन पाच महिने झाले. पहिल्या रात्री चंद्र. मग शनी, घरातल्या सगळ्यांनी रांग लावून "अय्या, खरंच कडं आहे!" म्हणून घेतलं. मग गुरूचे चार चंद्र, मग मृगातला तेजोमेघ, जो फोटोत गुलाबी असतो आणि नेत्रिकेत राखाडी धुरासारखा दिसतो. त्यानंतर दुर्बीण कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर चादर पडली.

परवा लेकीनं विचारलं, "आई, हिचा आता उपयोग काय?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

म्हणून हा धागा. परावर्ती दुर्बिणी नेमक्या कशाकशासाठी वापरतात? मोठ्या वेधशाळांमध्ये सगळीकडे आरसेच का, भिंगं का नाहीत? आणि माझ्या ६ इंची आरशानं नुसतं बघण्यापलीकडे काही करता येतं का? "खगोलशास्त्रासाठी" असं एका शब्दाचं उत्तर कृपया नको, ते मलाही देता आलं असतं.

---

काचकाम

आरसेच का, एवढ्याचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार देतील.

भिंगातून प्रकाश आरपार जातो. जाताना निळा जास्त वळतो, तांबडा कमी, त्यामुळे सगळे रंग एका जागी येत नाहीत आणि तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झालर दिसते. आरशाला रंगाशी देणंघेणं नाही, तो सगळ्यांना सारखंच परतवतो. हे झालं पुस्तकी कारण. कारागिराचं कारण वेगळं आहे. भिंगाची काच आतून बाहेरून निर्दोष लागते, पृष्ठभाग किमान दोन घासावे लागतात, आणि ते धरायचं फक्त कडेनं. मोठं भिंग स्वतःच्याच वजनानं वाकतं. म्हणून यर्क्स वेधशाळेचं १.०२ मीटरचं भिंग (१८९७) हा त्या वाटेवरचा शेवटचा मोठा टप्पा ठरला. आरशाचा एकच पृष्ठभाग घासायचा, पाठीमागून हवे तेवढे टेकू द्यायचे. आतल्या काचेत बुडबुडा असला तरी बिघडत नाही, कारण प्रकाश आत शिरतच नाही.

एक गंमत. न्यूटननं १६६८ मध्ये पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण केली ती भिंगाचा रंगदोष कधीच घालवता येणार नाही अशी खात्री झाल्यामुळे. ती खात्री चुकीची होती, पुढच्या शतकात दोन प्रकारच्या काचा जोडून तो दोष पुष्कळ कमी करता आला. चुकीच्या समजुतीतून बरोबर यंत्र निघालं! त्याच्याआधी, १६६३ मध्ये, जेम्स ग्रेगरीनं आरशांच्या दुर्बिणीची रचना छापली होती, पण ती घडवून देईल असा कारागीर त्याला मिळाला नाही. त्याचं दुःख मी समजू शकतो.

न्यूटनचा आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता आणि जेमतेम ३ सेंटिमीटरचा. असे आरसे काळवंडायचे. मग घासून पुन्हा चकाकी आणायची, म्हणजे दर वेळी आकार बिघडण्याची भीती. काचेवर चांदीचा मुलामा द्यायची युक्ती १८५० च्या दशकात आली आणि ही कटकट संपली. आज मुलामा ॲल्युमिनियमचा असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. परावर्तन तो करतो, काच ही नुसती त्याची गादी.

---

शंकासुर

माहिती छान, पण बाईंनी उपयोग विचारलाय, इतिहास नाही. माझं रोखठोक मत: हौस म्हणून घ्या, उपयोग वगैरे शोधू नका. आणि त्या खोक्यावर "५२५ पट मोठं दिसेल" लिहिलेलं असतं ना, ती शुद्ध थाप.

---

वर्णपटकर

५२५ पटीबद्दल शंकासुरांशी शंभर टक्के सहमत. हौसेबद्दल नाही.

मोठं करून दाखवणं हे दुर्बिणीचं मुख्य काम नव्हेच. पागोळीखाली वाटी ठेवा आणि घंगाळ ठेवा. पाऊस तोच, पण सकाळी पाणी कशात किती साठलेलं असेल? अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ६ इंची आरसा तिच्यापेक्षा सुमारे ४५० पट जास्त प्रकाश गोळा करतो. परावर्ती दुर्बीण म्हणजे घंगाळ. गोळा झालेल्या प्रकाशाचं काय करायचं, हे नाभीपाशी (किरण एकत्र येतात तिथे) तुम्ही काय ठेवता त्यावर ठरतं. डोळा ठेवला तर दर्शन. कॅमेरा ठेवला तर तासभर साठवण. वर्णपटमापक (प्रकाश रंगांत उलगडून मोजणारं यंत्र) ठेवला की खरी मजा सुरू होते, कारण मग "कसं दिसतं" हा प्रश्न मागे पडतो आणि कशाचं बनलंय, किती तापलंय, कुठे पळतंय हे कळायला लागतं.

माउंट विल्सनची १०० इंची हूकर दुर्बीण घ्या. १९२३ मध्ये एडविन हबलला तिच्या फोटोत देवयानीतला एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्या उजळण्या-मंदावण्याच्या कालावधीवरून अंतर काढलं तेव्हा कळलं की देवयानी आपल्या आकाशगंगेत नाही, ती स्वतःच एक स्वतंत्र दीर्घिका आहे. पण तेवढ्यावर विश्व प्रसरण पावतंय हे कळलं नसतं. त्यासाठी दूरदूरच्या दीर्घिकांचे वर्णपट हवे होते, आणि त्यातले कितीतरी टिपले मिल्टन ह्युमसननं. हा माणूस तरुणपणी त्याच डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून सामान पोचवायचा. एकेका वर्णपटासाठी कित्येक रात्री फोटोची तीच काच उघडी ठेवायची, गारठ्यात दुर्बिणीला डोळा लावून खुणेचा तारा तारेवरून हलू द्यायचा नाही. दीर्घिका जितकी दूर तितकी वेगानं पळते हे दाखवणारा १९२९ चा तो प्रसिद्ध आलेख म्हणजे मला आधी त्याची बोटं आठवतात.

पुढे १९६३ मध्ये पालोमारच्या २०० इंची आरशावर मार्टेन श्मिटनं थ्री-सी २७३ नावाच्या "ताऱ्या"चा वर्णपट घेतला. रेषा ओळखूच येईनात. शेवटी लक्षात आलं की त्या साध्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त सुमारे १६ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे पण अतिदूरचे तेजस्वी स्रोत, सापडले ते असे. नेत्रिकेतून बघितलं असतं तर एक मंद ठिपका, दुसरं काही नाही.

---

निशाचर

+१. आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्याचं उदाहरण राहिलं. तिथला एक तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो, कशाभोवती ते दिसत नाही. हवाईतल्या १० मीटरच्या केक दुर्बिणी आणि चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणी, दोन वेगळे गट, वर्षानुवर्षं तेच तारे मोजत बसले. फेरीवरून मधल्या न दिसणाऱ्या वस्तूचं वजन निघालं: सुमारे ४० लाख सूर्य. २०२० चं नोबेल त्यावर मिळालं.

पण धागाकर्तीचा तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरगुती आरशांनी काय होतं?

२३ जुलै १९९५. थॉमस बॉप मित्रांबरोबर आकाश बघायला गेलेला. स्वतःची दुर्बीण नाही, मित्राच्या १७.५ इंची डॉब्सोनियन जातीच्या परावर्ती दुर्बिणीला डोळा लावलेला. एम ७० हा तारकागुच्छ बघताना शेजारी नकाशात नसलेला एक धुरकट ठिपका दिसला. त्याच रात्री दुसरीकडे ॲलन हेल स्वतःच्या दुर्बिणीतून तोच गुच्छ बघत होता. हेल-बॉप धूमकेतू तो हाच.

१९ जुलै २००९, ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली स्वतःच्या १४.५ इंची न्यूटोनियनमधून गुरूचे फोटो घेत होता. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग. काहीतरी येऊन आदळलं होतं आणि ते पहिल्यांदा एका हौशी माणसाला दिसलं. मग मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनात व्हिक्टर बुसो १६ इंची न्यूटोनियनवर नवा कॅमेरा लावून बघत होता. समोर एक दीर्घिका धरली, फोटो घेत राहिला, आणि त्या फोटोंमध्ये एक तारा फुटताना सापडला! स्फोटाचा धक्का पृष्ठभागावर येतानाचा तो क्षण व्यावसायिकांना ठरवून टिपता येत नाही, कारण कुठला तारा कधी फुटेल हे कोणालाच माहीत नसतं.

---

शंकासुर

सगळी लॉटरीची उदाहरणं. आणि सगळं आकाशातलंच. जमिनीवरच्या माणसाला काय?

---

उलटी_वाट

शंकासुर, तुमच्यासाठीच लिहितोय. दुर्बीण दोन्ही दिशांनी चालते हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. दूरचा समांतर प्रकाश आरसा नाभीत आणतो, तसाच नाभीतला प्रकाश समांतर करून दूर धाडतो.

अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवलेत. न्यू मेक्सिकोतली अपाचे पॉइंटची ३.५ मीटर दुर्बीण आरशावरून लेझरचा ठोका चंद्राकडे सोडते आणि त्याच आरशात परतीचा प्रकाश झेलते. चंद्रावर पोचेपर्यंत झोत साधारण दोन किलोमीटर रुंद होतो, परावर्तक सुटकेसएवढा. कोट्यवधी अब्ज प्रकाशकण सोडावेत तेव्हा ठोक्यामागे सरासरी एखादा घरी परत येतो. जायला-यायला अडीच सेकंद. एवढ्यावर चंद्राचं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात मोजतात. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय, हे त्यातूनच पक्कं झालं.

दुसरं. वर्णपटकरांनी सांगितलेली पालोमारची २०० इंची दुर्बीण १९४८ ची. डिसेंबर २०२३ मध्ये तिनं काय केलं? सायकी नावाच्या अंतराळयानानं ३.१ कोटी किलोमीटरवरून लेझरनं एक व्हिडिओ पाठवला, सेकंदाला २६७ मेगाबिट वेगानं, आणि तो झेलला या म्हाताऱ्या आरशानं. व्हिडिओत एक मांजर लेझरच्या ठिपक्यामागे धावत होतं. दीर्घिकांसाठी केलेलं घंगाळ इंटरनेटची थाळी म्हणून वापरलं गेलं!

तिसरं, रोजचं. उपग्रहावरून पिकं, पूर, वणवे यांची चित्रं येतात ना? लँडसॅट मालिकेतले कॅमेरे म्हणजे जमिनीकडे तोंड केलेल्या परावर्ती दुर्बिणीच आहेत. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानावरचा हायराइज कॅमेरा अर्ध्या मीटरच्या आरशाचा आहे, त्याला मंगळावरची टेबलाएवढी वस्तू दिसते. हवेतली धूळ आणि ढगांचे थर मोजायला जमिनीवरून लेझर वर सोडतात, त्याचा परतणारा मंद उजेडही आरशातच गोळा करतात.

---

मृगशीर्ष

जमिनीवरच्या माणसाला काय, म्हणता? दगड.

६ ऑक्टोबर २००८ ला ॲरिझोनातल्या दीड मीटरच्या परावर्ती दुर्बिणीत एक हलता ठिपका सापडला. हिशेब केला तर वीसेक तासांत पृथ्वीवर येणार! चारेक मीटरचाच होता, सुदानच्या वाळवंटावर फुटला. अवकाशात आधी दिसला आणि मग पडला असा तो पहिला लघुग्रह. नंतर लोकांनी वाळवंटात रांग करून चालत त्याचे तुकडे वेचले.

आणि २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फोसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळवलं. आदळून फरक पडला का, हे कसं कळलं? यान तर संपलं होतं. पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी त्या जोडगोळीचा उजेड रात्रंरात्र मोजला. छोटा मोठ्यासमोरून किंवा मागून गेला की उजेड किंचित उतरतो. त्या उतरण्याच्या वेळांवरून फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून ११ तास २३ मिनिटांवर आल्याचं समजलं. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची ठरली होती. बत्तीस मिनिटं पडला.

---

शंकासुर

बरं बाबा. दगड मान्य. :)

पण मग तोटेही सांगा की, नाहीतर बाईंना वाटेल भिंगवाले मूर्खच होते. दर वेळी आरसे जुळवत बसावं लागतं. मधे दुय्यम आरसा आडवा येतो, त्यामुळे ग्रहावरचे बारीक पट्टे थोडे फिकट होतात. तो आरसा धरणाऱ्या पात्यांमुळे ताऱ्यांना चार टोकं फुटतात. खोलीतून थंड हवेत आणली की पहिला अर्धा तास चित्र पाण्यातल्यासारखं हलतं. आणि पक्षी बघायचे तर पक्षी डोक्यावर उभा!

---

काचकाम

सगळं खरं आहे. पक्ष्यांसाठी न्यूटोनियन घेऊच नये, साधी द्विनेत्री बरी. फक्त एक पुरवणी: चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं होत नाही, दोनदा परावर्तन झाल्यामुळे ते नुसतं उलटं होतं. नकाशाचा कागद उलटा धरला की जुळतं.

जुळवणीला लोक उगाच घाबरतात. एक तारा धरा, थोडा धूसर करा, वर्तुळं एकमेकांत नीट मध्यावर दिसली की झालं. नसतील तर मागचा एक स्क्रू पाव फेरा.

आता माझा आवडता विषय निघालाच आहे तर... आरसा स्वतः घासता येतो. दोन गोल काचा घ्यायच्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची खालचीवर मागे-पुढे, दर काही फेऱ्यांनी थोडी फिरवायची. मोजमाप न करता आपोआप वरची खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. कारण सगळीकडे सारख्या टेकून सरकू शकतील असे पृष्ठभाग दोनच, सपाट आणि गोलाचा तुकडा. सुरुवातीला कर्रकर्र आवाज, पूड बारीक होत गेली की सळसळ, शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइड आणि जवळजवळ शांतता. कान सांगतात काम कुठवर आलंय.

६ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाची मधली खोली किती? १.२ मिलिमीटर. सगळी मेहनत एवढ्यासाठी. पण आरसा गोलाचा तुकडा असून चालत नाही, अन्वस्त (पॅराबोलाच्या आकाराचा) हवा. या दोन आकारांतला फरक, मध्यावर जुळवले तर, कडेला जेमतेम ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो फरक हातानं काढायचा आणि डोळ्यानं तपासायचा. लेओं फूकोनं १८५० च्या दशकाच्या शेवटी दाखवलेली रीत आजही तीच आहे: बारीक छिद्रातून प्रकाश, परतीच्या वाटेवर दाढीचं पातं. पातं सरकवलं की आरशावर डोंगरदऱ्यांसारख्या सावल्या उमटतात. आरशाला क्षणभर बोट लावलं तर तेवढीच काच उबेनं फुगते आणि टेंगूळ दिसतं, काही मिनिटांनी विरतं. काच फुगताना "दिसते" यावर ज्याचा विश्वास नसेल त्यानं एकदा बघावं.

हबल दुर्बिणीचं दुखणं हेच. २.४ मीटरचा आरसा अतिशय बारकाईनं घासला गेला, पण चुकीच्या आकारात, कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट. तपासणीच्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. दुसऱ्या साध्या चाचण्या काहीतरी चुकलंय असं सांगत होत्या, पण भारी उपकरणावर भरवसा ठेवला गेला. १९९० ला उड्डाण, डिसेंबर १९९३ ला अंतराळवीरांनी जाऊन चष्मा बसवला.

---

वाचनमात्र_होते

पहिलाच प्रतिसाद. आरशावर धूळ दिसली म्हणून मी स्वच्छ रुमालानं हलकेच पुसला. चष्मा पुसतो तसा. टॉर्च मारून बघितलं तर मुलाम्यावर कंगव्यानं ओढल्यासारखे ओरखडे. रडू यायचं बाकी होतं. आता आरसा टाकायचा का?

---

काचकाम

अजिबात नाही. ओरखड्यांनी जाणारा प्रकाश टक्काभरही नसेल. टॉर्चच्या उजेडात कुठलाही आरसा भयंकर दिसतो, म्हणून टॉर्च मारू नये. धूळ असू द्या. अगदीच झालं तर पाण्याच्या धारेखाली धरा, थेंबभर सौम्य साबण, कापूस स्वतःच्या वजनानं सरकेल तेवढाच, शेवटी डिस्टिल्ड पाणी. दाब नाही.

---

फिरता_पारा

उशिरा आलो. तीन गोष्टी कोणी बोललंच नाही.

एक, रेडिओ थाळी हीसुद्धा परावर्ती दुर्बीणच. आरसा किती गुळगुळीत हवा हे तरंगलांबीवर ठरतं. दृश्य प्रकाशाला मायक्रॉनचे अंश लागतात, रेडिओला चक्क जाळी चालते. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० थाळ्या तारेच्या जाळीच्या आहेत. २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत, पण वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. क्ष-किरणांचं उलट. आरशावर सरळ आपटले तर आत घुसतात, म्हणून अवकाशातल्या चंद्रा क्ष-किरण वेधशाळेत आरसे जवळजवळ किरणांना समांतर, पिंपासारखे एकात एक ठेवलेत. पाण्यावर तिरका दगड भिरकावला की टप्पे घेतो, तसं.

दोन, सूर्य. ग्रेगरीची ती कारागीर न मिळालेली रचना आज सौर दुर्बिणींमध्ये लाडकी आहे. तिच्यात पहिली प्रतिमा दुय्यम आरशाच्या आधीच तयार होते. तिथे थंड केलेला अडसर ठेवून मधे छोटं भोक पाडायचं. सूर्याचा हवा तेवढाच तुकडा पुढे जातो, बाकीची आग तिथेच अडते. हवाईतल्या ४ मीटरच्या इनोये सौर दुर्बिणीत हेच केलंय. (उत्तररात्र ताई, तुमच्या दुर्बिणीनं सूर्याकडे बघायचं तर तोंडावर, पुढच्या बाजूला, खास सौर गाळणी हवीच. नेत्रिकेला लावायच्या काळ्या काचा उष्णतेनं तडकतात. यात थट्टा नाही.)

तीन, माझं नाव ज्यावरून घेतलंय ते. द्रव गोल फिरवला की त्याचा पृष्ठभाग आपोआप अन्वस्त होतो. ढवळलेल्या चहात दिसतो तोच खळगा. उत्तराखंडातल्या देवस्थळला ४ मीटरचा पाऱ्याचा आरसा आहे, २०२२ पासून. ८ मीटर नाभीय अंतरासाठी किती वेगानं फिरवावा लागेल हे शाळेच्या गणितानं निघतं: आठ सेकंदांना एक फेरा. घासणं नाही, फूको नाही, काचकाम रावांचा धंदा बंद. तोटा एकच, तिरका करता येत नाही, सांडेल. म्हणून तो फक्त डोक्यावरची आकाशाची पट्टी बघतो, पण रोज रात्री तीच, त्यामुळे कालच्यापेक्षा आज काय बदललं हे हेरायला उत्तम.

---

काचकाम

धंदा नाही हो, व्यसन आहे. पाऱ्याच्या वाफा तुम्हीच घ्या.

---

वर्णपटकर

एक आडवाट. हवेच्या थरथरण्यानं तारे लुकलुकतात ते घालवायला मोठ्या दुर्बिणींत एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवतात. हीच कला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेली. आपल्या डोळ्यातले दोष तशाच आरशानं भरून काढले की जिवंत माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या एकेक पेशी दिसतात. शंकासुरांच्या "जमिनीवरच्या माणसाला काय" मध्ये हेही धरा.

---

निशाचर

मूळ प्रश्नाकडे. उत्तररात्र, लॉटरी नको असेल तर रूपविकारी तारे बघा. यात नशीब लागत नाही, चिकाटी लागते. हजारो तारे आहेत, मोठ्या दुर्बिणींना प्रत्येकावर रोज नजर ठेवायला सवड नाही, आणि काही तर त्यांच्या कॅमेऱ्यांना फार तेजस्वी पडतात. अमेरिकेतली एक संस्था, एएव्हीएसओ, १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करते, कोणीही पाठवू शकतं.

सध्या सिंह वर आहे. मघाच्या पश्चिमेला पाचेक अंशांवर आर लिओनिस. १८ आणि १९ लिओनिस या दोन ताऱ्यांबरोबर छोटा त्रिकोण करतो. सुमारे ३१० दिवसांत नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यापासून ११ व्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आसपास उतरतो आणि परत येतो. नकाशात शेजारच्या ताऱ्यांपुढे ६५, ७८ असे आकडे असतील, म्हणजे ६.५ आणि ७.८. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर टिंबालाच तारा समजाल. एक थोडा उजळ, एक थोडा मंद असे दोन तारे निवडायचे आणि आपला त्यांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. तांबडा आहे, टक लावलीत तर डोळ्यात उजळत जातो आणि फसवतो. झटकन बघा, नजर काढा, पुन्हा झटकन. हवं तर किंचित धूसर करून.

---

उत्तररात्र

सगळ्यांचे खूप आभार. लेकीला आधी डार्टची गोष्ट सांगितली, मग मांजराची. अपेक्षेप्रमाणे मांजर जिंकलं.

काल रात्री चादर काढली. अर्धा तास दुर्बीण गच्चीत नुसती ठेवून दिली, शंकासुरांना स्मरून. मघापासून हळूहळू पश्चिमेला सरकताना दोनदा चुकले, नकाशा उलटा धरल्यावर त्रिकोण सापडला. तिसरा तारा ओळखायला काही त्रासच पडला नाही, शेजारचे दोन पांढुरके-पिवळसर आणि हा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. सुंदर रंग आहे, याबद्दल आधी कोणी बोललं का नाही?

मी म्हटलं ७.४. लेक म्हणाली, "छे, ७.१, तू टक लावून बघतेस." थोडं भांडण झालं. शेवटी वहीत दोन रकाने पाडले, एक माझा, एक तिचा, आणि वर तारीख-वेळ. आठवड्यानं पुन्हा बघायचं ठरलंय, तोवर एकमेकींचा रकाना झाकून ठेवायचा.

---

शंकासुर

आकडे इथे टाकत जा. बघू कोण बरोबर येतं ते. माझा लेकीवर भरवसा आहे.